रिकामा पाय

काकासाहेब सर आमच्या शाळेत खेळ शिकवतात. त्याआधी ते बरीच वर्षं कुस्ती खेळले, हे त्यांच्या मोडलेल्या कानांवरूनच कळतं. गेल्या उन्हाळ्यात ते एका शिबिरात ताई ची हा संथ चिनी व्यायाम शिकून आले आणि सकाळी शाळेच्या मैदानावर वडीगोद्रीतल्या बायकांना शिकवायला लागले. "कोणत्या ताईची?" हा विनोद गावात प्रत्येकाचा करून झालाय, त्यामुळे मी तो पुन्हा करत नाही.

प्रजासत्ताक दिनाला बायकांचं प्रात्यक्षिक ठरलं. त्या हळूहळू हात-पाय हलवणार आणि माइकवरून जुन्या चिनी ग्रंथातल्या ओळी मराठीत ऐकवल्या जाणार. त्या ओळी मराठीत आणायचं काम माझं. हो, माझंच, मोनिकाचं, दहावी ब. माझा अंगद मामा चाकणला चिनी मशीनच्या कारखान्यात दुभाष्या आहे. दोन वर्षं दर रविवारी फोनवरून त्यानं मला चिनी शिकवलंय. बरीच अक्षरं ओळखते, बाकीची कोशात बघते, तरी अडलं की मामाला पिडते.

घोडं अडलं पायांवर. ग्रंथ म्हणत होता, एक पाय भारानं भरलेला असावा, दुसरा रिकामा. मी लिहिलं, "पुढचा पाय रिकामा ठेव." सरांनी ते खोडून वर लिहिलं, "दोन्ही पाय खांबासारखे रोव."

"सर, मुळात तसं न्हाई," मी म्हणाले.

"मूळ मला वाचता येत न्हाई. पण आखाड्यात रिकामा पाय दिसला की समोरचा आधी तोच उचलतो, हे मला येतं. तू उभी राहा बरं रिकाम्या पायावर. शीतल, ढकल हिला."

शीतल माझ्या बाकावर बसते. तिला ढकलायला दोनदा सांगावं लागत नाही. मी धुळीत बसले. बायका हसल्या, त्यात माझी आईपण होती.

"तुझी ओळ उभी राह्यली तर माइकवर तुझी," सर म्हणाले, "न्हाईतर माझी."

घरी येऊन मामाला फोन लावला.

"शब्द बराबर आहे, मोने," तो म्हणाला. "रिकामा म्हंजे रिकामाच. पण मी मशीनचे कागद मराठीत करतो. तसा उभा कधी राह्यलो न्हाई."

"मंग मी राहते."

"राहा. पड जरा कमी."

त्या दिवशी मी ठरवून टाकलं. जी ओळ अंगानं करून बघितली नाही, ती कागदावर लिहायची नाही. ढकलायला शीतल रोज घरी येऊ लागली. मी भिंतीजवळ पडले, हापशाजवळ पडले, एकदा तर सरळ आईच्या वाळवणात पडले. माझा पुढचा पाय रिकामा असायचा, पण कसा, तर खुंटीला टांगलेल्या पिशवीसारखा. त्यात मीसुद्धा नसायचे.

मग कालव्याला पाणी आलं. रविवारी मी पप्पांबरोबर उसात होते.

"जल्दी वळव, वरंबा फुटून राह्यला," ते तिकडून ओरडले.

खोरं घेऊन मी ओल्या वरंब्यावरून निघाले. पाय पुढं टाकला, पण भार दिला नाही. चिखल दबला, तसा पाय मागं घेतला. शेजारी टाकला. तिथं जमीन घट्ट लागली, मग अंग त्याच्यावर सोडलं. हे मी चौथीपासून करते. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. मी तिथंच थांबले आणि तेच पुन्हा करून बघितलं. मग अजून एकदा.

"मोनिका, झोपली का?"

"न्हाई पप्पा, भाषांतर करून राह्यले."

"पाणी शेजारच्या भिवाच्या उसात चाललं. त्याचं पण करून टाक."

पाणी वळवलं आणि बांधावर बसून ओळ लिहिली: "रिकाम्या पायात भार नको, पण कान हवा. चिखलात टाकतो तसा टाक. जमीन हो म्हणेल तेव्हाच अंग दे."

सोमवारी मैदानावर मी सरांसमोर उभी राहिले. शीतलनं ढकललं. पुढच्या पायात भार नव्हताच, तो सहज मागं आला, टेकला, त्यानं जमीन चाचपली, आणि मग मी त्याच्यावर गेले. शीतलचा जोर संपला तेव्हा मी उभी होते.

"मागं सरकली की तू," सर म्हणाले.

"सरकले, सर. पडले न्हाई."

"शीतल, आणखी एकदा. जोरात."

तिनं जोरात ढकललं. मी पुन्हा सरकले, पुन्हा उभी. सरांनी चपला काढल्या, पाय पुढं टाकला, मागं घेतला, परत टाकला. आखाड्यात रोवायची सवय लागलेला पाय पटकन ऐकत नव्हता. आई त्यांच्याकडं बघत होती, पण या वेळी हसली नाही.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "ओळ तुझी. माइकवर तूच वाच. बाकीच्या उद्या आणून दे."

"उद्या न्हाई जमणार, सर. उभं राहून झाल्यात तेवढ्याच देते."

"किती झाल्यात?"

"तीन."

"तीन ओळींत कार्यक्रम कसा उरकायचा, बाई?"

"हळू वाचते, सर. ताई ची हळूच करतात."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या कागदाकडं. कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

"शीतल," ते म्हणाले, "हिला चौथ्या ओळीसाठी ढकल."

मी पाय पुढं टाकला. भार अजून दिला नव्हता.