ट्रायलचा नारळ

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ‘काशीप्रसाद’ बुरोंडीच्या बंदरातून सुटली. बोटीवर नाखवा धरून आठ माणसं होती. त्यांतल्या एकाला दहाच्या आत घरी परतायचं होतं, निदान तो तसं धरून चालला होता.

तो हरिश्चंद्र धोपट, इंजिनाचा मिस्त्री. घाटाकडच्या शेतकरी घरातला. आठ वर्षं मुंबईत डिझेल इंजिनं खोलायला शिकला, नंतर अकरा वर्षं बुरोंडीच्या पुळणीवर निळ्या ताडपत्रीखाली बसून बोटींची इंजिनं बांधत आला. वय एक्केचाळीस. इतकी वर्षं समुद्राच्या काठावर काढली, पण किनारा दिसेनासा होईल इतका तो कधी आत गेला नव्हता. त्याचं समुद्रात जाणं म्हणजे ट्रायल. तासभर जायचं आणि परत यायचं.

ट्रायलची या बंदरात एक रीत आहे. इंजिनाच्या कामाचे पैसे पुळणीवर कुणी देत नाही आणि कुणी मागत नाही. काम झालं की बोट बाहेर काढायची, तासभर जोरात पळवायची, नाखव्यानं, म्हणजे मालकानं, इंजिनावर हात ठेवून बघायचं, नारळ करायचा आणि तिथल्या तिथे मिस्त्रीच्या हातात पैसे मोजायचे. कागद नाही, पावती नाही. हरिश्चंद्रनं अशी चाळीसेक इंजिनं दिली होती. पैसे कधी थोडे कमी आले, कधी उशिरा आले, पण ट्रायल झाल्यावर ‘नाही’ असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

‘काशीप्रसाद’चं काम एकोणीस दिवस चाललं. लायनर, रिंगा, बेअरिंग, डिझेलचा पंप. सामान त्यानं स्वतःच्या पैशानं आणलं. ठरले होते बासष्ट हजार. आणि ते आजच हवे होते. मच्छीमार सोसायटीनं जेट्टीजवळ तीन पक्के गाळे बांधले होते, त्यांतल्या एकासाठी यादीत त्याचं नाव पहिलं होतं. उद्या सकाळी अकरा वाजता अर्जदारानं स्वतः हजर राहायचं, मशीनवर अंगठा द्यायचा, अनामत भरायची. माणूस नाही किंवा पैसे नाहीत, तर लगेच पुढचं नाव. ताडपत्रीखालचा अकरावा पावसाळा त्यानं या गाळ्याकडे बघत काढला होता.

बंदरावर बर्फ चढताना त्यानं विचारलं होतं, “नाखवा, ट्रायलला बर्फ कशाला?”

गंगाराम चोगले हसला. साठीचा माणूस, दोन बोटींचा मालक. “तुला सोडून बोट तशीच पुढे जाईल. बर्फ काय तुझ्यासाठी थांबतोय?” त्यानं बोटीमागे बांधलेलं होडकं दाखवलं. “त्यातनं आपण दोघं माघारी. आणि हां, आधारचा फोटो पाठव. बंदर सोडायच्या टोकनाला नाव लागतं.”

“तासाभराच्या ट्रायलला?”

“रोज नवे कायदे, मिस्त्री. मी काय करू?”

हरिश्चंद्रनं फोटो पाठवला.

पावणेआठला बोट बुरोंडीच्या डोंगराआडून मोकळ्या पाण्यात आली. इंजिन असं चाललं होतं की वर चहाच्या पेल्यावर तरंगसुद्धा उठत नव्हता. गंगारामनं खाली वाकून इंजिनावर हात ठेवला, मान हलवली आणि शेंडीचा नारळ हरिश्चंद्रच्या हातात दिला.

“आज तुझ्या हातानं दर्याला जाऊ दे. तिला जीव तू दिलास.”

असा मान त्याला कधी मिळाला नव्हता. त्यानं नारळ कपाळाला लावला आणि अख्खा समुद्रात सोडला. सुकाणूवरच्या रावजी तांडेलानं ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

ट्रायलचा नारळ बोटीवर फोडतात आणि खोबरं वाटतात. अख्खा नारळ दर्याला देतात तो फेरीचा. तो दिला की फेरी सुरू झाली, आणि मासळीशिवाय बोट माघारी फिरवायची नाही. कोळ्याच्या घरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. हरिश्चंद्र कोळ्याच्या घरातला नव्हता. एरवी नारळ नाखवाच करायचा आणि तो खोबरं खायचा.

“आता खाली जा,” गंगाराम म्हणाला. “फुल्लवर अर्धा तास ऐक. मागच्या बेअरिंगला बारीक आवाज आहे असं मला वाटतं.”

आवाज नव्हता. तरी तो अर्धा तास इंजिनाजवळ उकिडवा बसून राहिला, स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावून. आठ पंचवीसला तो वर आला तेव्हा होडकं नव्हतं. त्याचा दोर नीट गुंडाळून ठेवलेला होता.

“नाखवा कुठं?”

“उतरले,” रावजी म्हणाला.

“आणि मी?”

“तू बस. चहा घे.”

फोनला अजून रेंज होती. गंगारामनं दुसऱ्या रिंगला उचलला.

“नाखवा, ही काय मस्करी?”

“मस्करी कसली? ट्रायल चाललीय.”

“ट्रायल झाली. तुम्ही हात ठेवून बघितलंत.”

“तासभर सगळीच चालतात रे. गेल्या साली त्या दुसऱ्या मिस्त्रीचंही तासभर चाललं. पुढे काय झालं? दोनदा भर समुद्रात बंद. लोकाच्या दोरीला बांधून आणली माझी बोट, सगळं बंदर बघत होतं. यावेळी मिस्त्रीच बरोबर असू दे. सात दिवस चालली की आठव्या दिवशी तुझे पैसे तुझ्या हातात.”

“म्हणजे आज देणार नाही?”

“नाही म्हणालो का मी? आज नाही म्हणालो.”

“उद्या अकराला गाळ्याची सही आहे. तुम्हाला माहीत आहे.”

“गाळा काय होडी हाय का, सुटून जायला?”

“माझ्यामागे दुसरं नाव लागलंय, नाखवा.”

“मी सांगतो ना सोसायटीत. माझा शब्द.”

“शब्द राहू दे. बोट फिरवायला सांगा.”

गंगारामचा आवाज एकदम थंड झाला. “नारळ कुणी टाकला? तू टाकलास की मी? आता रिकामी बोट फिरवायला लावतोस? सहा घरांची चूल हाय तिच्यावर. मी फिरवायला सांगणार नाय.” आणि फोन ठेवला. पुढचे चार फोन त्यानं उचलले नाहीत.

हरिश्चंद्रनं बायकोला लावला. मनिषा तशीच उठून नाखव्याच्या घरी, त्याची बायको मथुराकाकी हिच्याकडे गेली. नऊ वीसला तिचा फोन आला तेव्हा आवाज तुटत होता.

“अहो, नाखवा घरी नाहीत म्हणतात मथुराकाकी. चपला दारातच आहेत. मी पायरीवर बसून आहे.”

“उद्या तू जाऊन सही कर.”

“तुमचा अंगठा लागतो हो. अर्जदार स्वतः, असं लिहिलंय. आणि पैसे?”

“पैशांचं...”

“काय? ऐकू येत नाही. तुम्ही आधी या. कसंही करून...”

नऊ सव्वीसला रेंज गेली. तो आणखी दहा मिनिटं फोन डोक्यावर धरून टपावर उभा राहिला. एक खलाशी खालून ओरडला, “मिस्त्री, जरा उंच धरा, दुबईची लागेल!” बाकीचे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्यांच्या लेखी तो आता बोटीवरचा माणूस झाला होता.

साडेदहाला एक ट्रॉलर किनाऱ्याकडे परतताना बाजूनं गेला. हरिश्चंद्र धावत सुकाणूपाशी आला.

“काका, हाक मारा त्याला. मला त्याच्यावर चढवा. पाया पडतो.”

रावजीनं नुसता मोबाइल पुढे केला. टोकन होतं. बोटीचं नाव, नंबर, सुटण्याची वेळ, खाली खलाशांची सात नावं. सातवं होतं हरिश्चंद्र धोपट.

“सात जण गेले तर सात जण परत यायचे. तुला घेऊन तो बंदरात गेला आणि तपासणी लागली तर त्याच्या बोटीवर एक माणूस जास्त आणि माझ्यावर एक कमी. कोण घेईल अंगावर?”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“नारळ दिला तेव्हा कळलं.”

“मग बोलला का नाही?”

रावजीनं मोबाइल खिशात टाकला. “माझं वय अठ्ठावन. बोट त्यांची. मला पुढच्या मोसमात तांडेलकी कोण देणार, तू?”

बाराला जेवण झालं. बांगड्याचं कालवण आणि भात, सात ताटल्या. हरिश्चंद्रला चार घास गेले आणि तेही कठड्यावरून समुद्रात गेले. त्या वेळी चारी बाजूंना पाणी होतं. किनारा कोणत्या बाजूला आहे हे त्याला होकायंत्र बघून ठरवावं लागलं.

एकच्या सुमाराला रावजी त्याच्याजवळ आला. सुकाणू दुसऱ्याच्या हातात दिलं होतं.

“मी फिरवू शकत नाय,” तो हळू म्हणाला. “नारळ दिलेली बोट एकाच कारणानं फिरते. इंजिनानं.”

हरिश्चंद्रनं वर पाहिलं.

“दोनपर्यंत फिरली, अर्ध्याहून कमी जोरानं चालली, तरी उद्या दहापर्यंत बंदर लागेल. त्यानंतर फिरून तुला उपयोग नाय. संध्याकाळी जाळी पडली की माझ्याही हातात काय नाय.” तो उठला. “मी काय सांगितलं नाय तुला.”

कसं करायचं ते हरिश्चंद्रला कुणी सांगायची गरजच नव्हती. डिझेलच्या फिल्टरवर हवा काढायचा एक लहान स्क्रू असतो. तो दीड आटा सैल केला की नळीत हवा शिरते, इंजिन दोनदा खोकतं आणि बसतं. तुटत काही नाही. नंतर थोडी हवा मुद्दाम ठेवली की ते रडतखडत चालतं. उद्या अकराला तो सोसायटीच्या दारात उभा राहू शकला असता.

पण मग रावजीला वायरलेस सेटवर सांगावं लागणार. ‘काशीप्रसाद’ इंजिन खराब, माघारी. एवढंच वाक्य. ते आसपासच्या सगळ्या बोटी ऐकणार आणि त्यांच्यापासून संध्याकाळपर्यंत सगळं बंदर. इंजिन कुणी बांधलं होतं? मिस्त्रीला बरोबर घेऊनसुद्धा पहिल्याच दिवशी? गंगारामला मग पैसे बुडवावे लागणारच नाहीत. काम कच्चं निघालं असं चारचौघांत तो सांगेल आणि लोक मान हलवतील. बासष्ट हजार गेले म्हणजे अनामत गेली, आणि कुठून तरी उभी केली तरी त्या गाळ्यात इंजिन घेऊन येणार कोण?

आणि स्क्रूला हात लावला नाही, तर हे इंजिन सात दिवस काय, सात महिने बंद पडणार नव्हतं.

एक चाळीसला तो खाली उतरला. काट्यावर तेलाचा दाब जिथे हवा तिथेच होता. पाण्याची उष्णता अठ्ठ्याहत्तर. त्यानं सवयीनं इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवला. आजवर बांधलेल्या इंजिनांत हे सगळ्यात चांगलं उतरलं होतं. धुराचा, जळक्या तेलाचा वास नव्हता, नव्या रंगाचा होता.

हत्यारांची पिशवी कोपऱ्यात होती. त्यानं पाना काढला.

“मिस्त्री,” वरून रावजीची हाक आली. “खाली सगळं ठीक?”

त्यानं पाना फिल्टरजवळ नेला.

एक वाजून चौपन्न मिनिटांनी पाना स्क्रूवर बसलेला होता. इंजिन चालू होतं. बोटीचं तोंड पश्चिमेला होतं.