पत्रकाची मागची बाजू

शेती सल्ला केंद्रातल्या बाईंना सगळा गाव कागदबाई म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. लिंबाची पानं पिवळी पडोत की गाईचं दूध आटो, बाई पिशवीत हात घालणार आणि कागद काढणार. अकरा वर्षं हेच. ऐकीव काही सांगायचं नाही, प्रयोगात तपासून घेतलेलंच सांगायचं, हा त्यांचा हट्ट. हट्ट चांगलाच होता हो. पण चांगल्या हट्टालाही कधी कधी ठेच लागते.

त्या दुपारी त्या एका काकूंचं लिंबाचं झाड बघायला गेल्या होत्या. काकू म्हणजे बोलण्याची गिरणी, दळण काही संपायचं नाही. झाडाला पाणी जास्त होतंय, एवढं सांगायला बाईंना अर्धा तास लागला. मग पाणी प्यायला त्या स्वयंपाकघरात आल्या आणि भिंतीवर त्यांना आपलंच पत्रक दिसलं. धान्यातली कीड मारायच्या गोळ्यांचं, गेल्या आठवड्याच्या बैठकीत चाळीस घरांना वाटलेलं. खळ लावून असं घट्ट चिकटवलेलं की कोपऱ्यात नख शिरणार नाही. बाईंना बरं वाटलं. त्यांनीच तर सांगितलं होतं, हरवू नका, भिंतीला लावा, येताजाता नजरेसमोर राहील.

मग त्यांनी शेवटची ओळ वाचली. 'गोळी ठेवून कोठी सात दिवस हवाबंद करा.' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'मागे पाहा'.

हातातलं भांडं हातातच राहिलं. मागे काय होतं ते बाईंना तोंडपाठ होतं. या गोळीतून विषारी वायू निघतो. राहत्या घरात ती वापरू नका. कोठी असलेल्या खोलीत कोणीही झोपू नका. तो सगळा मजकूर आता भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि तोही एका घरात नाही, चाळीस घरांत.

गोळ्या वापरल्या का, असं त्यांनी जमेल तितक्या शांतपणे विचारलं. काकू म्हणाल्या, आमच्या कोठीत धान्यच कुठे उरलंय. पण समोरच्या जाऊबाईंनी आज सकाळीच घातल्या, आणि डोकं बघा कसं चालवलं! कोठीचं झाकण वाकडं, नीट बसेना, म्हणून तिनं खोलीच्याच फटींत चिंध्या कोंबल्या.

"लेक आलीय ना महिन्याचं बाळ घेऊन, ती त्याच खोलीत असते," काकू कौतुकानं म्हणाल्या. "कोठीही बंद आणि बाळाला वारंही लागायला नको. एका दगडात दोन पक्षी."

बाईंनी काकूंचा दंड धरला आणि बजावलं, घरोघर जा, गोळ्या घातल्या असतील त्या घरातली सगळी माणसं बाहेर काढा, कोठीला हात लावू देऊ नका. काकूंच्या तोंडाचा गावाला आजवर त्रासच झाला होता, आज पहिल्यांदा उपयोग होणार होता.

मग बाई धावल्या. रस्ता वीस पावलांचा. जाऊबाई अंगणात निवांत धान्य निवडत बसल्या होत्या. लेकीचं सकाळपासून डोकं दुखत होतं, एकदा उलटीही झाली, म्हणून म्हटलं दार लावून झोप, बरं वाटेल, असं त्या सांगत होत्या. बाईंनी पुरतं ऐकलंही नाही. वायू साठलेल्या खोलीत शिरू नये, हेही त्यांनीच लिहिलं होतं, त्याच मागच्या बाजूला. त्यांनी श्वास रोखला आणि दाराला खांदा दिला.

चिंध्या सरकल्या, दार उघडलं. लेक डोळे उघडे ठेवून पडली होती आणि तिला उठता येत नव्हतं. बाईंनी आधी बाळ उचललं. ते हलकं होतं आणि रडत नव्हतं. अंगणात येऊन श्वास घेतला तेव्हा कपड्यांना कुजक्या लसणासारखा वास येत होता. तोवर जाऊबाई आत घुसल्या होत्या. बाळाला अंगणात निजवून बाई मागोमाग गेल्या, आणि दोघींनी मिळून लेकीला ओढत बाहेर आणलं.

अंगणात माणसं जमली. कोणी म्हणे दूध पाजा, कोणी म्हणे कांदा हुंगवा. आणि मग एकेक जण गप्प होऊन बाईंकडे बघू लागला, कारण गावाची सवयच तशी. बाईंना त्या नजरांची भीती वाटली. तोंडाने काही देऊ नका, मोकळ्या हवेत धरा, दवाखान्यात चला, एवढंच त्या म्हणाल्या. भाजीचा टेम्पो दारात उभा होता, त्यातच सगळ्या चढल्या. तिसऱ्या वळणावर बाळ रडलं, बारीक, मांजराच्या पिलासारखं. जाऊबाईंनी हात जोडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. यावर उतारा असा नाही, छातीवर आणि हृदयावर लक्ष ठेवायचं. आई सावरेल. बाळाचं उद्या संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

काकूंचा फोन आला. आणखी दोन घरांत गोळ्या घातल्या होत्या, पण कोठ्या गोठ्याच्या बाजूला, आणि सगळी माणसं धडधाकट. बाई बाकावर बसल्या. शेजारी जाऊबाई होत्या. भिंतीला लावा असं मीच सांगितलं, चूक माझी आहे, हे बाईंनी त्यांना सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवूनच सांगितलं.

जाऊबाई डोळे पुसून म्हणाल्या, "शेजारणी म्हणत होत्या, धान्य उन्हात घाल, कीड जाते. मीच म्हटलं, बाई शिकलेल्या आहेत." आणि मग, "घरी कोठी तशीच आहे. आता काय करायचं ते सांगा. तुम्ही सांगाल तसंच करते."

शिव्या परवडल्या असत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आपलं कोणी ऐकेल, याचीच बाईंना धास्ती वाटली.

"घरात कोणी जायचं नाही," त्या अखेर म्हणाल्या. "कोठीला हात लावायचा नाही. हे काम जाणणारे लोक मी बोलावते, ते सांगतील तोवर सगळे काकूंकडे राहा. माझं सांगायचं काही राहिलं का? नाही. आता तुम्ही मला म्हणून दाखवा."

जाऊबाईंनी म्हणून दाखवलं. बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. आतून बाळाचा आवाज येतो का, ते ऐकत दोघी तेच तेच म्हणत बसल्या.