शिवेवरच्या दगडाची तळमळ

मी एक जुना दगड आहे, दोन सरकारांच्या मधोमध पुरलेला. उगवतीला बीडकडची निजामाची हद्द, मावळतीला नगरकडची इंग्रजांची. मित्रांनो, अशा जागी कुणाला चैन पडेल?

बेलदारांनी मला घडवलं, तेव्हा मी देवळाची पायरी होण्याची स्वप्नं पाहत होतो. पण मोजणीवाल्यांनी साखळी टाकली आणि मला या माळावर गाडलं. तेव्हापासून चुकार जनावर मला ओलांडून गेलं की गेलंच. शिव्या मात्र मला! मी काय केलं होतं?

शेवटी दोन्ही सरकारांनी करार केला. पलीकडे गेलेलं जनावर माझ्यापाशी आणून परत द्यायचं, पण ते कुणाचं हे पलीकडच्याच गावच्या माणसाने सांगायचं. मी हरखलो आणि लगेच धास्तावलो. कोण कुणासाठी बोलणार?

तशात मावळतीकडच्या आमच्या भामाबाईचा बैल पलीकडे गेला. भामाबाई एकटी, ती बैलजोडी हाच तिचा आधार. पलीकडच्या बंकटने बैलाला आपल्या बाजरीतून हाकलून कोंडवाड्यात घातलं. भामाबाईने घाईघाईत आपल्याच गावचे चार साक्षीदार नेले. कोंडवाड्याच्या कारकुनाने ते परत पाठवले. शनिवारी बैलाचा लिलाव होता आणि रानात वापसा, पेरणीजोगी ओल, आलेली. शुक्रवारी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिची घालमेल मला बघवेना. वाटलं, मुळासकट उठावं आणि बंकटला ओढून आणावं!

बंकटच बांधावरून ओरडला, "कावून उभी हायेस, भामाबाई?"

"साक्षीला चला, बंकटदादा."

"मीच कोंडला न् मीच साक्ष देऊ? गाव काय म्हनंल मला?"

"पर बैल माझा हाय, हे तुमाला ठावं हाय का न्हाई?"

बंकट बांध उतरून निघून गेला.

शनिवारी सकाळी मात्र लिलावाआधी कारकून बैल घेऊन माझ्यापाशी आला आणि त्याच्याबरोबर बंकटही. मागे त्याच्या गावची माणसं कुरकुरत होती. कारकुनाने विचारलं, "बैल ओळखतोस?"

"चार वर्सं माझी बाजरी खातोय ह्यो. मी न्हाई वळखनार तर कोन? भामाबाईचाच हाय."

दावं भामाबाईच्या हातात आलं आणि मला रडूच फुटलं असतं. त्याच आठवड्यात तिने बांधाला बोराटीचं कुपाटं, काटेरी कुंपण, घातलं. काट्यांचे भारे बंकटने आणून दिले.

तरी माझी तळमळ थांबलेली नाही. परवा कुणीतरी मला शेंदूर फासून गेलं. मित्रांनो, मला देव करू नका. सरकारं करार लिहितात, पण तो पाळायला माणूस लागतो. पलीकडच्याचं खरं असेल, तर आपल्या गावादेखत तसं सांगा. तुम्ही बोलला नाहीत, तर मी नुसता आडवा आलेला धोंडा.