गोधडीचा कोरडा कोपरा

अनसाबाईंचे आठवड्यातले तीन दिवस उपासाचे. उपासाच्या दिवशी त्या सहसा उंबरा ओलांडत नसत. पण त्या सोमवारी देवापुढं फुलवात लावली, राजगिऱ्याचे दोन लाडू पिशवीत टाकले आणि सुनेला, सारिकाला, म्हणाल्या, "चल, शिरूरला जाऊन येऊ."

पाबळच्या भावानं आईची गोधडी शिरूरच्या संग्रहालयाला देऊन टाकली होती. ना विचारलं, ना पुसलं.

"दिली तर दिली," आपलं खुटबाव गाव सोडताना त्या म्हणाल्या, "पर एकदा तिचा कोपरा हातात धरीन. मग माझं काही म्हणणं न्हाई."

कोपऱ्याला कारण होतं. त्यांची आई गोधडी पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात मूठभर जोंधळे घालून टाका मारायची. "जी स्वतः उपाशी, ती दुसऱ्याला काय ऊब देणार?" असं तिचं म्हणणं. या गोधडीतली मूठ सहा वर्षांच्या अनसाची होती. पुढं ओढ्यावर गोधडी धुताना तो कोपरा पाण्याच्या वर धरून उभं राहायचं कामही तिचंच. दाणे भिजले की आईच्या शिव्या ठरलेल्या.

संग्रहालयात जुनी गोधडी काचेत होती, आणि तिच्यावरून बेतून शिवलेली नवी शेजारच्या टेबलावर उघडी. अनसाबाईंनी काचेला कपाळ टेकलं. आईचं अंजिरी लुगडं, आबांचं धोतर, स्वतःच्या परकराचा हिरवा तुकडा; सगळं जिथल्या तिथं.

"पोरी, ही काच जरा सरकव की."

टेबलापाशी उभी असलेली, संग्रहालयात कामाला असणारी ग्रेस हळहळली. नवी गोधडी तिच्याच हातची. "न्हाई हो आजी, जुनीला हात लावायचा न्हाई. नवीला लावा, ती त्यासाठीच ठेवलीय."

"तिला काय लावायचा? ती कालची पोर."

"लावा की आत्याबाई," सारिका म्हणाली. "कालची पोर रुसंल न्हाईतर."

अनसाबाईंनी मन राखायला हात पुढं केला. बोटं सवयीनं खालच्या डाव्या कोपऱ्याकडं गेली, आणि तिथंच थांबली. आत दाणे सरकत होते.

"हे कुणी घातलं गं?"

ग्रेसनं इकडंतिकडं पाहिलं. "जुनी साफ करताना साहेब म्हणाले, धान्य काढा, कीड लागंल. काढलं, पर टाकवंना. उन्हात वाळवलं आन् हिच्यात त्याच जागी शिवलं. साहेबांना ठाऊक न्हाई. कशासाठी होतं ते, आजी?"

"पोट भरायला."

"घ्या!" सारिका हसली. "स्वतः तीन-तीन दिवस उपाशी, आन् गोधडीचं मात्र पोट भरलेलं!"

"माझा उपास देवासाठी. गोधडीनं गं कुणासाठी करायचा?"

त्या काचेकडं वळल्या. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच हळू. "आईनं आपला घास लेकीला दिला, एवढंच झालं."

मग पिशवीतला लाडू त्यांनी ग्रेसच्या हातावर ठेवला. "सोमवारचा हाय. तुला चालंल ना?"

"आजी, लाडू मला कुठल्याबी वारचा चालतो."

"बरं, आता नीट बघ. ही धुवायला काढशील तवा—" अनसाबाईंनी नव्या गोधडीचा कोपरा मुठीत धरून खांद्याच्या वर नेला आणि टाचा उंचावल्या. "अशी धरायची. कितीबी हात भरून आला तरी खाली आणायचा न्हाई."

सारिका दोनदा म्हणाली, "चला आता, आत्याबाई." पण त्या तशाच उभ्या होत्या.