परातीतला भेंडा

चेल्याने तांब्या उपडा केला. पाणी भेंड्यावर पडलं, घरंगळलं आणि खाली गेलं. भेंडा कोरडाच. देवळापुढच्या गर्दीने एकदम हात जोडले.

भेंडा म्हणजे मातीची कच्ची, न भाजलेली वीट. कोल्हापूरजवळच्या आमच्या नदीकाठच्या गावात जुनी घरं भेंड्यांचीच, आणि भेंडा पाण्यात विरघळतो हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून तर लोक खुळावले. जलबंध महाराज तळहातावर लाल फडकं, फडक्यावर भेंडा घेऊन उभे होते.

"पंचगंगामाईला आम्ही बजावलंय," महाराज म्हणाले, "भक्ताच्या घरात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. दोन वर्षं आली का गावात?"

"न्हाय महाराज."

दोन वर्षं पाऊसच बेताचा होता, हे कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

मी आकाराम, धंद्याने रंगारी. २०१९ च्या पुरापासून मला फारसं काही वाटत नाही. जेवण कळत नाही, सण कळत नाही. त्या पुरात माझी बायको सोनूबाई गेली. पाण्यात नव्हे. पाणी ओसरल्यावर आम्ही घरी परतलो, आणि आठव्या दिवशी भिंत तिच्या अंगावर पडली. तेव्हापासून कुणी काही सांगितलं की मी मान हलवतो आणि घरी जातो.

महाराजांनी पाच घरांना बंधन घातलं. बाहेरच्या भिंतींना ब्रशने 'तीर्थ' लावलं. त्यातलं एक घर माझ्या थोरल्या बहिणीचं, बायडाक्काचं. मी भिंतीजवळ गेलो आणि वासावरूनच ओळखलं. बिनरंगाचं वॉटरप्रूफ केमिकल. मी आयुष्यभर वापरलेलं. तरी गप्प बसलो.

जाताना महाराजांनी प्रत्येक देव्हाऱ्यात एक भेंडा ठेवला. हलवायचा नाही, उलटा करायचा नाही. आणि मुख्य अट ही की पाणी आलं तरी घर सोडायचं नाही. घर सोडलं की बंधन तुटलं. मग महाराज डोंगरावरच्या मठात निघून गेले. नदी ज्याचं ऐकते त्याने एवढं उंचावर कशाला राहावं, देव जाणे.

पुढच्या आठवड्यात धो धो पाऊस लागला. पावसाळ्यात आमच्याकडे चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्याचे फूट विचारतात. सकाळी पाण्याची पातळी एकेचाळीस होती, दुपारी त्रेचाळीस, म्हणजे धोक्याची खूण. ग्रामपंचायतीची रिक्षा ओरडत फिरली, लोक ट्रॉलीत बिऱ्हाडं भरू लागले. ती पाच घरं तेवढी जागची हलली नाहीत.

आक्काची सून क्रांती माझ्या दारात आली. कडेवर दोन वर्षांची शिवानी. नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला, रस्ता बंद झाल्याने तिकडेच अडकलेला.

"मामा, आत्याबाई उठंनात. मी पोरीला घेऊन निगाले तर म्हणत्यात, बंधन मोडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. तुमी तरी सांगा की."

मी गेलो. आक्का देव्हाऱ्यापुढे बसली होती. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं.

"आक्का, ऊठ. चल गडमुडशिंगीला, पावण्यांकडं."

"तू गप बस. डोळ्यानं बगितलंस न्हवं? थेंब चिकटला न्हाय भेंड्याला."

"वरनं न्हाय चिकटला. पूर वरनं येतोय व्हय?"

मी परात घेतली, दोन बोटं पाणी ओतलं आणि देव्हाऱ्यातला भेंडा उचलला.

"आकाराम, शिवू नगंस त्याला."

मी भेंडा उलटा करून तिच्यापुढे धरला. वरचा भाग आणि चारी बाजू गुळगुळीत होत्या. तळ तेवढा खरखरीत, कोरी माती. दाखवताना तोच फडक्यावर टेकलेला असायचा. मी भेंडा तळ खाली करून परातीत ठेवला. "क्रांती, चहा टाक."

चहाला उकळी येईस्तोवर तळाच्या कडा सुटल्या. परातीतलं पाणी गढूळ झालं. वरून भेंडा अजून कोरडा, चकचकीत होता. मग तो एका बाजूला कलला आणि बसला. आतली माती चिखल होऊन पसरली. वर राहिला नुसता पापुद्रा, भाकरीच्या पापुद्र्याएवढा.

आक्का परातीकडे बघत राहिली. "पर भिंत तरी टिकंल की. बाहेरनं तीर्थ लावलंय."

आता गप्प राहून चालणार नव्हतं.

"तीर्थ न्हवं ते, आक्का. वॉटरप्रूफ. मीबी लावलं होतं, एकोणीसच्या उन्हाळ्यात, माझ्या भिंतीला. पाणी पायातनं वर चढलं, भिंत आतनं चिंब झाली. बाहेरनं केमिकलचा कोट, आतली वल वाळायला वाटच न्हाय. वरनं भिंत कोरडी दिसत हुती. मीच सोनीला म्हणालो, वाळलीया, चल घरात."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गाव म्हणत होतं, पुराने नेली. मी म्हणू दिलं.

आक्का म्हणाली, "हे आठ दिसामागं सांगायचं हुतंस."

"व्हय. चुकलंच."

तिने देवांचं गाठोडं बांधलं आणि शिवानीला उचललं. क्रांती म्हणाली, "मामा, परात द्या," आणि चिखलासकट परात घेऊन उरलेल्या चार दारांत गेली. तिने भाषण केलं नाही, नुसती परात पुढे केली. संध्याकाळच्या आत चारही घरं रिकामी झाली.

बावीस दिवस झालेत त्याला. महाराजांविरुद्ध क्रांतीने पोलिसांत तक्रार दिली आहे. महाराज सांगतात, लोकांनी घर सोडलं म्हणून बंधन तुटलं आणि पाणी घरांत शिरलं.

म्हणून हे लिहितोय. कुणी चमत्कार दाखवला तर ती वस्तू आपल्या हातात मागा आणि उलटी करून बघा. द्यायला नकार दिला तर तेवढ्यावरून समजा. भेंड्याच्या घरात पाणी शिरलं तर भिंत वरून वाळली म्हणून आत झोपू नका, जाणत्या गवंड्याला दाखवा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने माझ्यासारखं तोंड मिटून बसू नये.

पाणी उतरल्यावर मी आक्काला घरात जाऊ दिलं नाही. नवव्या दिवशी सकाळी तिची मागची भिंत पडली, देव्हाऱ्याच्या जागेवर. आत कुणी नव्हतं. आक्का रस्त्यात माझ्याशेजारी उभी होती, शिवानी तिच्या खांद्यावर झोपली होती. मला रडू आलं. सहा-सात वर्षांत पहिल्यांदाच.