थर्मासच्या पोटातली हाक

मित्रांनो, मला कानाशी धरून हलवू नका, पोटात काच आहे. मी एक जुना थर्मास आहे. अंगावरचा लाल रंग उडालाय, झाकणाचा कप कधीच हरवलाय आणि बुचाला चिंधी गुंडाळल्याशिवाय माझं तोंड बंद होत नाही. स्वप्नं मात्र मला अजून झकास पडतात. आतून मी सगळा चांदीचा आरसा आहे ना, तिथे अंधारसुद्धा चमकतो.

कारखान्यात एका काचेच्या बाटलीत दुसरी बसवली आणि दोघींच्या मधली हवा काढून घेतली, तो माझा जन्म. त्या रिकाम्या जागेतच माझी सगळी विद्या आहे. आत गरम आहे की गार, मी विचारत नाही. जे दिलं ते तसंच सांभाळायचं, बस्स.

विमलच्या लग्नात आहेर म्हणून मी राणीसावरगावला आलो. तिचे मालक चंद्रभान मला रोज तुरीच्या शेतात न्यायचे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बूच काढलं की वाफ अशी वर जायची, जणू मी उसासा टाकलाय. खुरपणीच्या बाया म्हणायच्या, "बाई, आजून कढत हाय की चहा!" मी आतल्या आत फुगायचो.

पण माझा खरा आनंद वेगळाच होता. त्यांची लेक ईश्वरी, तेव्हा एवढीशी, मी रिकामा असलो की मला मांडीवर घ्यायची आणि तोंडाशी ओठ लावून हाक मारायची, "ओऽ!" मी ती हाक पोटात गोल गोल फिरवून परत द्यायचो. तिला वाटायचं, आत कुणीतरी राहतं. खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं.

पुढे फाट्यावर चहाची टपरी झाली. घरात स्टीलची बाटली आली. मी माळ्यावर गेलो. कोळ्यानं माझ्या कानात घर केलं, आणि वरून मी ईश्वरीला मोठी होताना बघत राहिलो. खो-खोत ती अशी पळायची की शाळेतली पोरं तिला वारं म्हणायची.

दहावीच्या वर्षी ते वारं पडलं. एक कळशी आणली की ती उंबऱ्यावर बसायची. अंग वाळत गेलं. रंग बदलत गेला, आणि तो उन्हाचा नव्हता. तळहाताच्या रेषा शाईनं ओढल्यासारख्या दिसायला लागल्या, गुडघ्यावरचा जुना वण काळा झाला. आणि मीठ! येता-जाता बरणीतून चिमूटभर मीठ घेऊन ती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, जशी कुणी साखर खावी.

चंद्रभानची मोठी बहीण कस्तुराबाई त्याच घरात राहायची. ती म्हणायची, कामाचं नाव काढलं की हिला चक्कर येते. मीठ खाऊन रक्त आटतंय म्हणून तिनं बरणी लपवली, ती नेमकी माझ्या शेजारी माळ्यावर. एका दुपारी ईश्वरी शिडीवर चढली. बरणीपर्यंत हात पोचलाच होता. मी अगदी जवळून तिचे डोळे बघितले, विझत जाणाऱ्या कंदिलासारखे. मग ती शिडीवरून खाली कोसळली.

तिला गंगाखेडच्या दवाखान्यात नेलं. गरम दूध न्यायला काही हवं म्हणून विमलनं मला घाईघाईनं खाली काढलं आणि मी ईश्वरीच्या खाटेशेजारच्या स्टुलावर जाऊन बसलो. म्हणून पुढचं सगळं मला माहीत आहे.

डॉक्टर अर्पितामॅडमनी सलाईन लावून तिला सावरून धरलं. तिच्या रक्तात ताकद देणारा एक हार्मोन फारच कमी निघाला. तो मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी बनवतात. आता दुसरा हार्मोन बघायचा होता, एसीटीएच नावाचा. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून निघतो. त्यावरून कळणार होतं की बिघाड डोक्यात आहे की खाली. हा हार्मोन पहाटे चढतो आणि संध्याकाळी उतरतो, म्हणून रक्त सकाळीच घ्यायचं. मॅडम बोलता बोलता म्हणाल्या, याला ताणाचा हार्मोनही म्हणतात.

झालं! तेवढंच सगळ्यांनी उचललं. कस्तुराबाईच्या तोंडी ती टेन्शनची तपासणी झाली. "टेन्शन रगतात दिसतंय व्हय?" ती म्हणाली. "बरं झालं. नाटक हाय का खरं, ते तरी कळंल."

रक्ताची नळी घेऊन चंद्रभान एसटीनं परभणीच्या लॅबला गेले. तिथून नमुना मोठ्या शहरात गेला. काही दिवसांनी रिपोर्ट आला. आकडा अगदी तळाला.

कस्तुराबाई डबा घेऊन आली होती. तिनं पदर खोचला. "बघ इमल. टेन्शन न्हाईच. लय सुखात हाय पोरगी."

ईश्वरीनं भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "आबा, मी नाटक करत न्हाई. तुमाला तरी खरं वाटतंय ना?"

चंद्रभाननी नुसता तिच्या पायावर हात ठेवला. मित्रांनो, त्या वेळी माझ्या पोटातलं दूध गरम होतं, पण मला पहिल्यांदा थंडी वाजली.

मॅडम आल्या. रिपोर्ट बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या म्हणाल्या, हा आकडा पोरीशी जुळत नाही. पिट्युटरी गप्प असती तर रंग फिका पडला असता, असा गडद झाला नसता. आणि आधी त्यांनी एक गैरसमज काढून टाकला. ही तपासणी टेन्शन मोजत नाही, आणि खरं-खोटं तर मुळीच सांगत नाही. कस्तुराबाई खिडकीबाहेर बघायला लागली. मग मॅडमनी चंद्रभानना विचारलं, "नळी बर्फातच नेली होती ना?"

"बर्फ दिला होता पिशवीत," चंद्रभान म्हणाले. "एसटीत गळायला लागला. मंग टाकून दिला आन नळी छातीशी धरली, सदऱ्याच्या आत. पार परभणीपस्तोर." ते थांबले. "लेकराचं रगत हाय मॅडम. गारठंल वाटलं."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी हळूच समजावलं की बर्फाचं कारण आम्हीच नीट सांगायला हवं होतं. हा हार्मोन फार नाजूक. उबेत तो विरून जातो, तव्यावरच्या थेंबासारखा. रक्त पोचतं, पण त्यातला निरोप वाटेतच संपतो. चंद्रभान आपल्याच छातीकडे बघत राहिले.

आणखी एक अडचण होती. औषध आता लांबवता येणार नव्हतं, आणि ते सुरू झालं की खरा आकडा झाकला जाणार होता. उद्या सकाळी नमुना घ्यायचा आणि लगेच पहिला डोस द्यायचा. म्हणजे ही एकच संधी. असं म्हणत मॅडम वळल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हा थर्मास कुणाचा?"

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला नावानं विचारलं!

विमलनं मला तांदूळ आणि कोमट पाणी घालून खळाखळा धुतलं. कस्तुराबाई पुटपुटली, "रगताला चहाचा वास लागंल." पण बर्फ फोडायला तीच बसली. आधी गार पाणी, मग बर्फाचा चुरा. सिस्टरनी जांभळ्या टोपणाची नळी रिकामी असतानाच माझ्यात गार केली, मग तिच्यात रक्त घेतलं, छोट्या पिशवीत घालून दोऱ्यानं परत आत सोडली. चिंधीचं बूच घट्ट बसलं.

आत अंधार झाला. बर्फ बारीक आवाजात कुजबुजत होता. मधोमध ती नळी तरंगत होती आणि मला लहानपणीची ईश्वरी आठवली, ओठ लावून हाक मारणारी. आज तिची हाक खरोखरच माझ्या पोटात होती. फिरवायची नाही, परत द्यायची नाही. फक्त सांभाळायची.

एसटी गोदावरीच्या पुलावरून गेली. चंद्रभान मला मांडीवर घेऊन सावलीच्या बाजूला बसले होते. त्यांचा हात सारखा बुचाकडे यायचा. उघडून बघावं, बर्फ आहे का, लेकरू ठीक आहे का. प्रत्येक वेळी तो बुचावर टेकायचा, थांबायचा आणि मागे जायचा. लेकराला उराशी धरणं त्यांना सहज जमलं होतं. न उघडता बसून राहणं फार जड गेलं. लॅबमध्ये बूच निघालं, तेव्हा बर्फ अजून वाजत होता.

या खेपेचा आकडा आला तो नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे.

मॅडम ईश्वरीच्या खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "तुझी पिट्युटरी हाक मारतेय. खालच्या ग्रंथी ओ देत नाहीत. म्हणून ती आणखी जोरात ओरडतेय, रात्रंदिवस. त्या हाकेचाच रंग तुझ्या कातडीवर उतरलाय." मीठ अंगातून निघून जातं, म्हणून जीभ ते मागत होती. गोळ्या आता रोज, कधीच मनानं बंद करायच्या नाहीत, ताप आला तर लगेच दवाखान्यात यायचं.

ईश्वरी रडली नाही. तिनं आबांकडे बघितलं आणि हसली, म्हणाली, "म्हंजे आतून मी लय वरडत होते."

"व्हय गं माय," चंद्रभान म्हणाले.

घरी आल्या आल्या कस्तुराबाई शिडी आणायला गेली. तिनं शिडी लावली, माळ्यावरून मिठाची बरणी काढली, पदरानं पुसली आणि ईश्वरीच्या ताटाशेजारी ठेवली. बरणी आजही तिथेच असते.

मी माळ्यावर परत गेलो नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी काही तुमच्या हाती दिलं, दूध असो, रक्त असो, की "मला बरं वाटत नाही" एवढाच शब्द असो, तर तो आपल्या उबेनं किंवा आपल्या संशयानं बदलू नका. दिला तसा पोचवा.

काल खो-खो खेळून आल्यावर ईश्वरीनं मला मांडीवर घेतलं. इकडेतिकडे बघितलं, मोठी झालीय ना आता. मग माझ्या तोंडाशी ओठ लावून हाक मारली.

मी ओ दिली.