उरलेला बोल्ट

गॅरेजवाले एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. इंजिन खोलून परत जोडलं आणि एखादा बोल्ट हातात उरला, तरी गाडी चालते! आमच्या घरच्या गॅरेजात थोरले दीर असले बोल्ट डब्यात जपून ठेवतात. स्कूटरच्या अपघातात माझ्या नवऱ्याची पोटातली प्लीहा फुटली आणि ती काढून टाकल्यावर डॉक्टर म्हणाले, "हिच्याशिवाय माणूस जगतो," तेव्हा दिरांनी तेवढंच ऐकलं. पुढचं मी ऐकलं. लशी घ्या, आणि ताप आला तर घरी थांबू नका, जंतूंना अडवायला आता प्लीहा नाही, ते बघता बघता मेंदूपर्यंत पोचतात.

"लशी तान्ह्या बाळांना देतात," दीर म्हणाले. झालं, विषय मिटला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा माझा नवरा, पण दादापुढे अगदी शेळी.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी त्याला हुडहुडी भरून ताप आला. मी पायात चप्पल सरकवली.

"अगं, साधा ताप आहे, गोळी दे," दीर म्हणाले. "आज गिऱ्हाइकाची गाडी द्यायचीय."

आणि मीही गोळी दिली. दुपारी डबा घेऊन गेले, तर नवरा गॅरेजच्या बाकावर आडवा. उजेड सोसवेना, मान वाकेना. मला त्याने "आई" म्हणून हाक मारली. मी खिळ्यावरची किल्ली ओढली.

"ती गिऱ्हाइकाची गाडी आहे!" दीर ओरडले.

"मला धड चालवता येत नाही, भावजी. बाजूला व्हा!"

मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाला होता. जीव वाचला, पण दोन्ही कान कायमचे गेले. "सकाळीच आणायचं ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेही मला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तो जरा सावरल्यावर दीर भेटायला आले. जन्मात कुणापुढे न नमलेला माणूस खाटेशी उभा राहून ढसाढसा रडला. "चुकलं रे माझं. माझ्यामुळे झालं हे."

नवरा मोठ्याने म्हणाला, "दादा काय म्हणतोय?"

आम्ही पाटीवर लिहून बोलायचो. दिरांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. मी पाटी आणि खडू त्यांच्याच हातात दिला.

"तुम्हीच लिहा."

त्यांनी डोळे पुसले, खडू धरला. मग लिहिलं, "आराम कर. गॅरेज मी बघतो."

नवऱ्याने ते दोनदा वाचलं. त्याचे डोळे भरून आले. "बघ," तो मला म्हणाला, "दादाला माझी किती काळजी!"